वाचणाऱ्यास नमस्कार

"जेवढं पाहिलंत तेवढंच सांगा, वहिनी. मधलं काय ते आम्ही जोडून घेऊ."

नाडगौडांचा तो आवाज चाळीस वर्षांनंतरही माझ्या कानात तसाच आहे. आमच्या धरणाच्या वसाहतीत ते कचेरीचे हेडक्लार्क होते. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. त्या रविवारी सकाळी त्यांनी क्लबाच्या हॉलमध्ये कॅरमचं टेबल पुढे ओढून घेतलं होतं, त्यावर फुलस्केप ताव पसरला होता आणि वर मथळा घातला होता: 'क्वार्टर नंबर सात येथील कथित प्रकाराबाबत जबाब'. सरकारी कागदावर 'भूत' असं लिहिता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सगळी वसाहत त्या दिवशी भुताला 'प्रकार' म्हणत होती.

त्याचं झालं असं. सात नंबरचं क्वार्टर दोन वर्षं रिकामं पडलं होतं. श्रावणात दूधवाल्या हिराबाईला भर दुपारी त्याच्या खिडकीत काहीतरी पांढरं दिसलं आणि तिनं दुधाची किटली तिथंच टाकून धूम ठोकली. मग ज्याला त्याला दिसायला लागलं. बदलून आलेल्या नव्या इंजिनिअरांना सात नंबर मिळाला होता, त्यांच्या बायकोनं सामान ट्रकमधून उतरूच दिलं नाही. साहेब वैतागले. नाडगौडांना म्हणाले, दोन दिवसांत चौकशी करा. काही नसेल तर कुलूप काढा, साफसफाई करा, क्वार्टर देऊन टाका.

म्हणजे कुलूप निघायचं की नाही, ते त्या तावावर ठरणार होतं. आणि तावावर मुख्य साक्ष माझी होती.

एक तर मी आठ नंबरात राहायची. माझ्या मागच्या अंगणातून सातची खिडकी समोर दिसायची. दुसरं म्हणजे माझा नेम. दर चातुर्मासात मी काही ना काही धरते. एका वर्षी पत्रावळीवर जेवले, एका वर्षी गोड सोडलं, एका वर्षी रोज तेहेतीस गोपद्मं काढली. त्या वर्षी धरलं होतं, की चार महिने खोटं बोलायचं नाही. सगळ्यांत सोपा नेम, असं मला वाटलं होतं. पहिल्या आठवड्यातच शेजारणींनी माझ्याकडे भाजीची वाटी पाठवणं बंद केलं. ह्यांनी नवा सदरा शिवला तो चार महिने मला घालून दाखवला नाही. पण भुताची गोष्ट निघाली तेव्हा सगळे एकमुखानं म्हणाले, प्रमिलावहिनींना विचारा. त्या काही खोटं सांगायच्या नाहीत.

माझी पंचाईत कुणाला ठाऊक नव्हती. देवाला मी शब्द दिला होता, खोटं बोलणार नाही. आणि सात नंबरातल्या त्या बाईलाही शब्द दिला होता, तुझं नाव घेणार नाही. कारण ती कोण हे मला माहीत होतं. नाडगौडांनी नुसतं सरळ विचारलं असतं, "वहिनी, कोण होती ती?" तर दोनांतला एक शब्द तिथल्या तिथे मोडला असता. आणि कुलूप निघालं असतं, तर त्या बाईनं आयुष्यभर जपलेलं चारचौघांत उघडं पडलं असतं.

हॉलमध्ये बायकांची दाटी होती. पुढच्या बाकावर अगदी मधोमध हौसाक्का बसल्या होत्या. ओव्हरसियर रंगराव शेलारांच्या ह्या आई. साठी उलटलेली, आवाज असा की धरणाच्या भिंतीवरून हाक मारली तर खाली पंपहाऊसवर ऐकू यावी. श्रावणातली पोथी वसाहतीत त्याच वाचायच्या. रंगरावांना बढती मिळून मोठं क्वार्टर मिळण्याआधी हे शेलार मंडळी सात नंबरातच राहत होती, त्यामुळे आजच्या सभेत त्यांचा मान आणखीच मोठा होता.

मी देवाचं नाव घेऊन खुर्चीवर बसले.

"पहिल्यांदा कधी पाहिलंत?" नाडगौडांनी विचारलं.

"मंगळवारी. दुपारी दीडच्या सुमाराला. मी धुणं उलटत होते."

"काय पाहिलंत?"

"सातच्या खिडकीत कुणीतरी उभं होतं. काच धुळीनं भरलेली, नीट दिसलं नाही. डोक्यापासून पांढरं होतं सगळं."

"काही हालचाल?"

"हात वर केला. असा." मी करून दाखवलं. "ये, ये म्हटल्यासारखा."

मागच्या बाकावर कुणीतरी "अगं आई गं" म्हणालं. नाडगौडांनी लिहिलं, 'बोलावले.'

"पाय पाहिलेत का?"

"पाय कसे दिसतील? खिडकी कमरेच्या वर आहे."

'पाय दिसले नाहीत,' असं लिहून त्यांनी खाली लाल पेनानं रेघ ओढली.

"मग पुढे?"

"तीन दिवस मी तिकडे बघितलंच नाही. शुक्रवारी राहवेना. गेले मागच्या दारानं."

"मागच्या दाराला कुलूप आहे, वहिनी. आणि किल्ली कचेरीत, माझ्या ड्रॉवरात आहे."

"असेल. पण दार नुसतं लोटलेलं होतं."

'बंद दार आपोआप उघडले.' पुन्हा लाल रेघ. मी म्हणणार होते, आपोआप असं मी म्हटलं नाही. पण त्यांनीच सांगितलं होतं, मधलं ते जोडणार. मी गप्प राहिले. गप्प राहणं माझ्या नेमात बसत होतं.

"आत?"

"आत भिंतीशी बसली होती. ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता."

"तुमच्याकडे पाहिलं?"

"पाहिलं."

"बोलली?"

"बोलली. म्हणाली, कुणाला सांगू नकोस."

नाडगौडांचं पेन थांबलं. "मग तुम्ही सांगताय कशा?"

"जेवढं सांगता येतं तेवढंच सांगतेय, भाऊसाहेब."

त्यांनी टेबलाखाली पाय जवळ ओढून घेतले. "काही मागितलं का? नारळ, लिंबू, कोंबडं?"

"पाटी मागितली."

"काय?"

"पाटी आणि पेन्सिल."

"दिलीत?"

"दिली. तिच्याकडेच आहे."

यावर मागून एकदम कालवा उठला. "पेंढारकरबाई!" कुणीतरी ओरडलं. आक्कांच्या आधी सात नंबरात शाळेच्या पेंढारकरबाई राहायच्या, ते सगळ्यांना एकदम आठवलं. "अहो पण त्या तर बदली होऊन इस्लामपूरला गेल्या," एक जण म्हणाली. "त्यानंतर त्यांचं काही कळलं का?" दुसरीनं विचारलं. "नाही बाई." "मग!" झालं, ठरलं. पेंढारकरबाई कशानं वारल्या, तेही दहा मिनिटांत ठरलं.

तेवढ्यात हौसाक्कांनी हात वर केला. "नाडगौडा, मी एक इच्यारू का हिला?"

"विचारा की, आक्का."

आक्का माझ्याकडे वाकल्या. "दिसाय कशी हुती गं ती? देखणी हुती का?"

सगळी वसाहत माझ्या तोंडाकडे बघत होती. नेम तो नेम.

"तरुणपणी असेल," मी म्हटलं.

हॉल हसला. आक्का हसल्या नाहीत.

"वय काय असावं?" नाडगौडा.

"साठीच्या पुढे."

"पेंढारकरबाई तर चाळिशीच्या होत्या," मागून शंका आली.

"तिकडे गेल्यावर वाढत असेल," असं म्हणून नाडगौडांनी तोही प्रश्न निकालात काढला. मग ते आक्कांकडे वळले. "तुम्ही त्या घरात सात वर्षं काढलीत. तुम्हाला काही जाणवलं होतं?"

"जाणवलं तर," आक्का म्हणाल्या. आवाज एवढा खाली आला होता की नाडगौडांना पुढे सरकावं लागलं. "दुपारची समदी निजली, की मागल्या खोलीत कुणीतरी रडायचं. बाईमाणूस. तीन वर्सांमागं सुरू झालं ते."

हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही फरशीकडे बघत राहिले. त्यातही खोटं काही नव्हतं.

निकाल लागला: दिवाळीपर्यंत क्वार्टर उघडू नये, दिवाळीनंतर शांती करून घ्यावी. नव्या इंजिनिअरांना तोवर विश्रामगृहात जागा दिली. मी जबाबावर सही केली. अथपासून इतिपर्यंत त्यात एक शब्द मी खोटा सांगितला नव्हता, आणि तो वाचून अख्ख्या वसाहतीनं दुपारी एक वाजता खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली. मला त्यात थोडी गंमत वाटली, हे मी त्याच संध्याकाळी देवापुढे कबूल केलं.

आता सांगायला हरकत नाही. आक्का गेल्या त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. सात नंबरातली बाई म्हणजे हौसाक्काच.

मला थोडं आधी कळायला हवं होतं. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आक्कांकडे पोथी होती. त्यांची स्वतःची पोथी गळक्या छताखाली भिजली, म्हणून मी माझी दिली. आम्ही बायका हातात अक्षता घेऊन बसलो, आक्का ठसक्यात वाचू लागल्या. माझ्या त्या जुन्या पोथीत तेविसावं पान नाही. माझ्या लहानपणीच उंदरांनी नेलं. मी एकटी वाचते तेव्हा बाविसावरून चोविसावर जाते आणि देवाची माफी मागते. आक्कांनी बाविसावं संपवलं, पान उलटलं, आणि तेविसावं वाचलं. सबंध. एक ओवी इकडची तिकडे नाही. माझ्या मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या झाल्या. घरी आल्याबरोबर पोथी उघडून पाहिली. बावीस, त्यानंतर चोवीस. देव मला क्षमा करो, पण ती अख्खी रात्र मी ते पान परत आलं होतं असंच मानून काढली.

दुसऱ्या दिवशी मंगळवारी ती खिडकी. आणि शुक्रवारी मी मागचं दार लोटलं.

आत चुन्याचा वास कोंडला होता. छताचे पापुद्रे पडायचे, म्हणून आक्कांनी डोक्यावरून नवऱ्याचं जुनं पांढरं धोतर घेतलं होतं. पुढे फरशीवर पाच पाकिटं ओळीनं मांडलेली. बोट एका पत्त्यावर, ओठ हलताहेत.

"कोन हाय?"

"मी. प्रमिला."

"मेले!" आक्का म्हणाल्या, आणि पाकिटांवर धोतराचा सोगा ओढला. मग माझ्याकडे पाहून, मी किती पाहिलंय ते त्यांनी ताडलं. "कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार. पण आक्का, ही पत्रं कुणाची?"

"शकूची."

शकू म्हणजे त्यांची लेक शकुंतला. तीन वर्षांपूर्वी ती मिरजेला नर्सिंगला गेली आणि तिथंच जातीबाहेरच्या एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. रंगरावांनी त्या दिवसापासून तिचं नाव घरात बंद केलं. शकूला आईचा ठाऊक होता तो पत्ता सात नंबरचा. आक्कांनी पोस्टमनला सांगून ठेवलं होतं, सातचं टपाल सातातच सरकव, कुणी विचारलं तर मला विचार. मागच्या दाराची दुसरी किल्ली त्यांनी कचेरीत कधी परतच केली नव्हती. घरी सांगायच्या, मारुतीला जाते. सून मंदा झोपली की इथे यायच्या.

"फोडलीसुद्धा नाहीत?"

"फोडून काय करू?" आक्का म्हणाल्या. मग धोतर मागे सारून माझ्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "तुला कळलंय. सोमवारी तुजं तोंड बघितलं मी. काय चुकलं व्हतं माजं?"

"पान नव्हतं, आक्का. तेविसावं. माझ्या पोथीत ते पानच नाही."

क्षणभर त्यांना कळेना. मग त्या अशा हसल्या की मी दाराकडे बघून आले. "म्हंजी न्हाई ते पान वाचलं मी! माज्या आज्यानं लहानपनी कानावर घातलेलं, तेच म्हनते. पानं उलटते नुसती, दिसाय बरं दिसतंय." चाळीस वर्षं. माहेरी, सासरी, वसाहतीत. कुणाला पत्ता नव्हता.

"मी वाचून दाखवू का पत्रं? आत्ता, इथेच. बाहेर एक शब्द जाणार नाही."

"न्हाई."

"माझ्यावर विश्वास नाही? आक्का, माझा तर खरं बोलायचा नेम आहे."

"तुज्यावर हाय गं. वाचणाऱ्यावर न्हाई." त्यांनी पाकीट उचलून पदरानं पुसलं. "मी चाळीस वर्सं वाचतीया. मला ठाव हाय, वाचणारी काय काय घालती आन् काय काय गाळती. जिथं बायका कट्टाळल्या तिथं मी चार ओव्या उडवती. जिथं डोळं पुसाय लागल्या तिथं दोन पदरच्या घालती. तू चांगली हायस. पोरीनं काय वंगाळ लिव्हलं असलं, तर माजं तोंड बघून गाळशील. मला माज्या शकूचं तिच्याच तोंडानं ऐकायचंय." मग खालच्या आवाजात: "पाटी हाय का गं तुज्याकडं?"

अशी सुरुवात झाली. जबाबानंतर तर सोयच झाली. दुपारी एक ते तीन त्या बाजूला चिटपाखरू फिरकेना. मी उपासाचं काहीबाही पदराखाली घेऊन जायची आणि आम्ही भिंतीशी बसायचो. शिकवायला आक्कांसारखी हट्टी विद्यार्थीण मिळू नये. पोथी पुढे ठेवली, की बोट एका ओळीवर आणि जीभ चार ओळी पुढे.

"आक्का, हे वाचत नाही आहात, म्हणताय."

"मग काय झालं? बराबर हाय ना?"

"बरोबर आहे म्हणूनच चुकलंय."

शेवटी मी पोथी बाजूला ठेवली आणि शेंगदाणे बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद पुढे केला. तिथे मात्र जीभ थांबली. घाम पुसत पुसत त्यांनी 'बियाणे' वाचलं, मग 'उत्तम', मग 'प्रतीचे'. गणपती येऊन गेले तोवर आख्खी जाहिरात वाचता आली. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तू त्या समद्यांसमोर म्हनलीस, तरुणपनी असंल. म्हंजी आता न्हाई व्हय?"

"आक्का, माझा नेम आहे."

"जळ्ळा तुजा नेम," असं म्हणून त्यांनी पुढचा शब्द लावायला घेतला.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिलं पाकीट फोडलं. मी उठून बाहेर जाऊ लागले, तर हात धरून बसवलं. "ऱ्हा. अडले तर सांग. पन मी अडल्याबगर बोलायचं न्हाई."

शकूचं अक्षर टपोरं होतं. आक्कांनी बोट ठेवलं आणि एकेक अक्षर उचलत वाचायला लागल्या.

"वा-च-णा-ऱ्या-स. वाचणाऱ्यास. सप्रेम न-म-स्का-र."

त्या थांबल्या. "कुनाला लिव्हलंय हे?"

"वाचा पुढे."

"हे पत्र माझी आई... हौसाबाई शेलार... हिला ती एकटी असताना वाचून दा-ख-वा-वे. तिला अ... अक्षर येत नाही... हे तिने कुणास सांगितलेले नाही. तेव्हा आपणही... सांगू नये."

आक्कांचं बोट 'अक्षर येत नाही' या शब्दांवर बराच वेळ होतं. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवायला खाली बघत होते. मग त्यांचा आवाज आला.

"खोटं लिव्हलंय पोरीनं," आक्का म्हणाल्या. आणि पत्राला हात जोडून, अगदी रीतसर: "नमस्कार पोचला."

पाचही पत्रांचा मथळा तोच होता. लेकीला आईचं गुपित ठाऊक होतं, आणि वाचणारं कुणी तिसरं असणार म्हणून बिचारी मनातलं काही लिहीतच नव्हती. नवरा चांगला आहे, खोली लहान आहे, पाणी नळाला येतं. शेवटचं पत्र श्रावणाच्या सुरुवातीचं होतं. ते वाचायला आक्कांना सबंध दुपार लागली. 'आई म्हणाली होती, कुठेही असलीस तरी पहिल्या बाळंतपणाला मी येईन. दसऱ्याच्या पुढेमागे माझे दिवस भरतील. तिला आठवण करून द्यावी. जमले नाही तरी राग नाही, असेही सांगावे.'

आक्कांनी कागदाची घडी घातली. "आठवन कशापायी करून द्याची? मी इसरले व्हते व्हय?" तीन वर्षांपूर्वी शकू निघाली ती ह्याच मागच्या दारानं, आणि त्या उंबऱ्यात आक्कांनी तिला तो शब्द दिला होता. त्यानंतर त्या खोलीत दुपारी कोण रडत होतं, ते मी विचारलं नाही.

अष्टमीला दुपारी एकच्या पुढे माझ्या मागच्या दारावर टकटक झाली. आक्का उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत डिंक, खारीक आणि बाळंतशेपांची पुरचुंडी. खांद्यावर ते पांढरं धोतर.

"दीडच्या एष्टीनं जाते," त्या म्हणाल्या.

"रंगरावांना काय सांगू? मी खोटं नाही बोलणार, आक्का."

"नकोच बोलू. मी लिवून ठिवलंय, पोथीखाली. 'मी मिरजेस शकूकडे जाते. काळजी नसावी. हौसा.'" त्यांनी माझ्याकडे तिरकं पाहिलं. "रंग्याला ठाव हाय मला लिवाय येत न्हाई. म्हनंल, भुतानं लिव्हलं. म्हनू दे. एष्टी कराडच्या पुढं गेली, म्हंजी मग तू सांग समदं."

मी त्यांना हळदीकुंकवाच्या तबकातला नारळ दिला, बाळासाठी म्हणून. त्यांनी तो पिशवीत घातला. जाताजाता माझ्या मनातलं बोलावं, म्हणून मी म्हटलं, "आक्का, बरं झालं त्या मंगळवारी तुम्ही मला खिडकीतून हात करून बोलावलंत. नाहीतर शुक्रवारी दार लोटायची माझी काय छाती होती?"

"कुठल्या मंगळवारी?"

"पहिल्याच. पोथीच्या दुसऱ्या दिवशी."

"मंगळवारी मी कराडला दाढ काढाय गेलते." त्या पिशवीचा बंद आवळत होत्या. "आन् मी कशापायी बोलवीन तुला? लपून बसलेलं मानूस खिडकीतनं हात करतंय व्हय?"

खरंच, हा विचार मी कधी केलाच नव्हता. "थट्टा नका करू, आक्का."

"थट्टा कशाची?"

"खरं सांगा ना."

आक्का हसल्या. पोथीतलं नसलेलं पान वाचून झाल्यावर हसल्या होत्या तशाच. "खरं बोलायचा नेम तुजा हाय, प्रमिला. माजा न्हाई."

दाढ त्यांनी त्या सुमाराला काढली होती, हे खरं. सुजलेला गाल मी पाहिला होता. पण ती मंगळवारी काढली की गुरुवारी, ते मला तेव्हाही आठवेना आणि आजही आठवत नाही. नाडगौडांनी त्याबद्दल काही विचारलं नव्हतं.

मग आक्कांनी ते धोतर डोक्यावरून घेतलं, दोन्ही बाजूंनी नीट पुढे ओढलं आणि पिशवी आत धरून त्या आमच्या सी टाईप क्वार्टरांच्या रांगेसमोरून सरळ चालू लागल्या. भर दुपारी, अगदी रस्त्याच्या मधून. नऊ नंबरची खिडकी धाडकन लागली. मग दहा. मग अकरा. बारा नंबरात नाडगौडा राहायचे. त्यांच्या खिडकीतून नुसता एक हात बाहेर आला आणि त्यानं पडदा ओढून घेतला. अख्ख्या वसाहतीत त्या बाईकडे पाहणारी मी एकटीच होते. सात नंबरच्या खिडकीकडे मात्र मी नजर वळवली नाही. पाहिलं असतं, तर कधीतरी ते सांगावं लागलं असतं.

फाटकापाशी पोहोचल्यावर आक्का थांबल्या. धोतर डोक्यावरून काढलं, झटकून त्यातला चुना उडवला, हातानं चाचपून पाहिलं. वापरून वापरून ते अगदी मऊ झालं होतं, बाळोत्यांना हवं तसं. त्यांनी त्याची चौघडी घातली, पिशवीत नारळाच्या वर ठेवली आणि मागे वळून न बघता एसटीच्या थांब्याकडे निघाल्या.